तळ्याकाठची शब्बाथशाळा : बिशप जॉन व्हिन्सेंट

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या मंडळ्यांतून शिबिरांची धांदल सुरू होते. कोणी मुलांना घेऊन नदीकाठी जाते, कोणी एखाद्या तलावाच्या बांधाशी राहुट्या ठोकते, तर कोठे शाळेच्या आवारातच सतरंज्या पसरून चार दिवस काढले जातात. आणि दरवर्षी पाळकसाहेबांच्या कानी दोन तक्रारी ठरलेल्या असतात. वडीलधाऱ्यांची तक्रार अशी की शिबिरात खेळ आणि पोहणे फार, वचन थोडे. तरुणांची तक्रार याच्या नेमकी उलट, की सुट्टीतही आमच्यापुढे धडेच ठेवता. आम्ही या दोन्ही तक्रारी पुष्कळदा ऐकल्या आहेत. तरुणपणी दुसरी स्वतः केली आहे आणि केस पिकल्यावर पहिली.

हा वाद जुनाच आहे. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एका लहानशा तळ्याकाठच्या छावणीत तो एका पाळकापुढे उभा राहिला. त्या पाळकाला मुळात छावण्या आवडत नसत. तरी त्याच छावणीमुळे त्यांचे नाव जगभर झाले. त्या बिशप जॉन हेयल व्हिन्सेंट यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. बेळगाव, बडोदे, हैदराबाद इकडील मेथॉडिस्ट वाचकांना ते आपल्या घरचेच वाटावेत, कारण ज्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या मिशनऱ्यांनी या भागांत काम केले त्याच चर्चचे ते बिशप होते. परंतु शब्बाथशाळेचा शिक्षक कोणत्याही मंडळीचा असो, त्याच्यावर व्हिन्सेंट यांचे ऋण आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

व्हिन्सेंट यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८३२ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात टस्कलूसा या गावी झाला. ते पाच-सहा वर्षांचे असताना कुटुंब उत्तरेस पेनसिल्व्हेनियात परतले व तेथेच ते वाढले. घर भाविक होते. आईचा संस्कार फार खोल गेला होता. गावच्या शाळांतून जेवढे शिक्षण मिळाले तेवढे घेऊन, वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे १८५० साली, त्यांना उपदेश करण्याची परवानगी मिळाली आणि ते फिरते उपदेशक झाले. एका पाळकाकडे अनेक गावे, आज या वस्तीत तर उद्या त्या वस्तीत, अशी ती चाकरी असे.

येथेच त्यांच्या आयुष्यातील एक सल सुरू झाला. उपदेशाच्या कामात पडल्यामुळे कॉलेजात जाण्याचे राहून गेले ते कायमचेच. पुढे ते संपादक झाले, बिशप झाले, मोठमोठ्या विद्यापीठांच्या व्यासपीठांवर बसले; पण आपण कॉलेजात शिकलो नाही ही रुखरुख त्यांच्या मनातून कधी गेली नाही, आणि त्यांनी ती लपवलीही नाही. त्यांनी स्वतःला घरी, प्रवासात, मिळेल त्या वेळी वाचून शिकविले. पुस्तके उघडून बसण्याची ही सवय आणि मनातील ती उणीव, या दोहोंमधून पुढचे पुष्कळ काही निघाले.

१८५५ च्या सुमारास ते न्यू जर्सी राज्यात कॅम्पटाउन नावाच्या लहान गावी पाळक होते. शब्बाथशाळेतील मुले पवित्र शास्त्रातील गावांची नावे पोपटासारखी म्हणत, पण बेथलेहेम कोणीकडे आणि गालील कोणीकडे हे त्यांना सांगता येत नसे. व्हिन्सेंट यांनी एक वर्ग काढला व त्याला पॅलेस्टाईन वर्ग असे नाव दिले. मुलांनी पवित्र देशाचा भूगोल शिकायचा, आणि जसजसे शिकत जाईल तसतशी पायरी चढायची. प्रथम यात्रेकरू, मग त्या देशाचा रहिवासी, मग आसपासच्या देशांचा शोधक, त्यानंतर यरुशलेमकर, आणि शेवटी मंदिराचा मानकरी. आमच्या शब्बाथशाळांतील शिक्षकांनी ही युक्ती जरूर करून पाहावी; तिला पैसा लागत नाही. मुले गावे पाठ करीत नसत, जणू त्या गावांतून चालत असत. जमिनीवरचा पवित्र देश व्हिन्सेंट यांच्या डोक्यात तेव्हापासून बसला होता, हे लक्षात ठेवावे.

१८५७ साली ते पश्चिमेकडे इलिनॉय राज्यात गेले. पुढल्या वर्षी एलिझाबेथ डुसेनबरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेथील गलीना या गावी ते पाळक असताना, वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करणारा एक अबोल माणूस आपल्या कुटुंबासह उपासनेला येत असे. तो पूर्वी सैन्यात होता, पण त्या वेळी त्याची कोणी विशेष दखल घेत नव्हते. त्याचे नाव युलिसिस ग्रँट. थोड्याच वर्षांत तो यादवी युद्धातील सेनापती म्हणून गाजला आणि मग अमेरिकेचा अध्यक्ष झाला. पाळकाने कोणत्या बाकावरच्या माणसाची विचारपूस करावी आणि कोणत्या नाही, हे आधी कळत नसते, एवढेच आम्ही येथे म्हणतो.

१८६२-६३ मध्ये व्हिन्सेंट यांनी युरोप, मिसर व पॅलेस्टाईनचा प्रवास केला. ज्या वाटा त्यांनी मुलांना खडूने काढून दाखविल्या होत्या त्या वाटांवरून ते स्वतः चालले.

परत आल्यावर त्यांचे लक्ष मुलांवरून शिक्षकांकडे वळले. सरकारी शाळेत शिकविणाऱ्यासाठी अध्यापन विद्यालय असते. तेथे शिकून, परीक्षा देऊन मग तो वर्गात उभा राहतो. शब्बाथशाळेत मात्र ज्याला वेळ आहे, किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हाती वर्ग दिला जातो. हे आमच्याकडेही काही वेगळे नाही. देवाचे वचन अंकगणितापेक्षा कमी मोलाचे आहे काय, की ते शिकविण्यास तयारी लागू नये, हा व्हिन्सेंट यांचा प्रश्न होता. १८६१ मध्येच त्यांनी इलिनॉयमधील फ्रीपोर्ट येथे शिक्षकांसाठी प्रशिक्षण-सभा भरविली होती. पुढे शिकागोहून त्यांनी शिक्षकांसाठी नियतकालिक काढले. १८६६ साली त्यांच्या चर्चने त्यांना शब्बाथशाळा विभागात न्यूयॉर्कला बोलाविले, आणि १८६८ पासून वीस वर्षे ते त्या विभागाचे चिटणीस व संपादक होते. १८७२ साली इंडियानापोलिस येथे भरलेल्या परिषदेने, सर्व मंडळ्यांच्या शब्बाथशाळांत एका रविवारी एकच धडा घ्यावा असा निर्णय केला. त्यासाठी नेमलेल्या समितीत व्हिन्सेंट होते. हे धडे पुढे समुद्र ओलांडून हिंदुस्थानातही आले. आपल्या आजोबा-आजींच्या हाती जी धड्यांची चोपडी असे तिचे मूळ या निर्णयात आहे, आणि ऋण म्हटले ते हेच.

आता आपण त्या तळ्याकडे येऊ.

ओहायो राज्यात अ‍ॅक्रन शहरी लुईस मिलर नावाचे एक कारखानदार राहत. गवत कापण्याचे व पिकाची कापणी करण्याचे यंत्र सुधारून त्यांनी मोठा पैसा मिळविला होता. त्यांना अकरा मुले. ते मंडळीत शब्बाथशाळेचे अधीक्षक होते, आणि तेथेही त्यांचे यंत्रकाराचे डोके स्वस्थ बसत नसे. एका मोठ्या दालनाभोवती वर्गांच्या लहान खोल्या. दारे उघडली की सारी शाळा एक, मिटली की प्रत्येक वर्ग आपापल्या ठिकाणी, अशी इमारत त्यांनी वास्तुतज्ज्ञाच्या मदतीने बांधविली. अमेरिकेत पुढे अशा शेकडो इमारती झाल्या. मिलर यांची एक मुलगी मीना हिचे लग्न १८८६ साली विजेच्या दिव्याचे संशोधक थॉमस एडिसन यांच्याशी झाले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

व्हिन्सेंट यांच्या मनात होते की शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचे प्रशिक्षण भरवावे, आणि ते अ‍ॅक्रनला मिलर यांच्या त्या नव्या इमारतीत भरवावे. मिलर म्हणाले की नको, बाहेर रानात भरवू. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला शटॉक्वा नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठी फेअर पॉइंट येथे मेथॉडिस्टांची संजीवन सभांची छावणी होती आणि मिलर तिच्या विश्वस्तांपैकी एक होते. झाडी आहे, पाणी आहे, तंबू ठोकण्याची सोय आहे. ऑगस्टच्या उकाड्यात शहरातल्या इमारतीत कोण बसणार?

व्हिन्सेंट यांना हे मुळीच रुचले नाही. त्यांच्या नापसंतीचे कारण समजून घेतले पाहिजे. रानातल्या छावणीत चालणाऱ्या या सभांची प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पडली. १८०१ साली केंटकीमध्ये केन रिज येथे हजारो लोक जमले होते, ती सभा विशेष प्रसिद्ध आहे. लोक गाड्या घेऊन येत, तंबूत राहत, दिवसरात्र उपदेश चाले, लोक रडत, ओरडत, जमिनीवर कोसळत. अनेकांची आयुष्ये तेथे खरोखर बदलली यात शंका नाही. आपल्याकडे विकाराबादजवळ धारूर येथे दर नोव्हेंबरात भरणारी मेथॉडिस्ट जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तंबूंची, गर्दीची आणि रात्रीच्या गीतांची थोडीफार कल्पना येईल. परंतु व्हिन्सेंट यांना अश्रूंपेक्षा चार महिन्यांनंतर काय उरते याची काळजी असे. भावनेचा पूर येतो आणि ओसरतो. शिक्षकाला जे हवे ते पुराचे पाणी नव्हे, विहिरीचे पाणी, अशी त्यांची समजूत होती. त्यात लोकांना वाटेल की हीसुद्धा तसलीच एक सभा, ही भीती होतीच.

तरी १८७३ च्या उन्हाळ्यात मिलर यांच्याबरोबर ते जागा पाहण्यास गेले. आणि तेथे त्यांचे मन बदलले.

सरोवर मोठे नव्हे. लांबी सुमारे सतरा मैल, रुंदी कोठे दोन मैल तर कोठे अगदी अरुंद. पण जागा मोठी विलक्षण आहे. ईरी नावाचे समुद्रासारखे सरोवर तेथून आठ-दहा मैलांवर, पण शटॉक्वा त्याच्यापेक्षा सुमारे सातशे फूट उंचीवर वसलेले. त्यामुळे त्याचे पाणी जवळच्या ईरीत न जाता उलट दिशेने निघते, आणि नदीतून नदीत होत होत मिसिसिपीने शेवटी मेक्सिकोच्या आखातास मिळते. काठावर उंच जुनी झाडी. आगगाडीने मेव्हिलपर्यंत यायचे, आणि तेथून आगबोटीत बसून तीन मैलांवरच्या धक्क्याला उतरायचे. गाडीरस्ता वाईट होता, आणि कोणाही गुंड-पुंडाने सहज यावे अशी ती वाट नव्हती. व्हिन्सेंट यांनी हे सारे पाहिले आणि जागा मान्य केली. मात्र त्यांनी नाव बदलले. ही संजीवन सभा नव्हे, हा शब्बाथशाळा-मेळावा. नावापुरता बदल आहे असे कोणाला वाटेल, पण आतले सर्वच त्यांनी बदलले.

४ ऑगस्ट १८७४, मंगळवार. संध्याकाळी झाडांखाली फळ्यांच्या बाकांवर लोक बसले आणि मावळत्या उजेडात सायंप्रार्थनेने पहिला मेळावा सुरू झाला. तो दोन आठवडे चालला. वेगवेगळ्या राज्यांतून माणसे आली होती. मेथॉडिस्ट होते तसे बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल असे सर्व होते, आणि हे व्हिन्सेंट यांनी मुद्दाम केले होते. अंधार पडला की उंच मचाणांवर माती पसरून त्यावर पेटविलेल्या लाकडांचा उजेड. राहण्यास तंबू. पाऊस आला की तंबूत पाणी, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळत घातलेली अंथरुणे. भोजनगृह म्हणजे कच्ची शेड. मोठमोठ्या शहरांतले डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी हातात तांब्या घेऊन तोंड धुण्यास जात असतील, हे चित्र डोळ्यांपुढे आणून आम्हांस नेहमी हसू येते.

दिवसाचा क्रम कडक होता. सकाळी प्रार्थना, मग वर्ग. लहान मुलांच्या शिक्षकांचा वेगळा, मोठ्यांच्या शिक्षकांचा वेगळा, अधीक्षकांचा वेगळा. त्या पहिल्या वर्षांत फ्रँक बिअर्ड नावाचे व्यंगचित्रकार फळ्यावर खडूने चित्र काढीत काढीत धडा कसा शिकवावा हे दाखवीत, आणि लोक त्यांच्यापुढून हलत नसत. दोन आठवड्यांच्या शेवटी लेखी परीक्षा होती. पांढऱ्या केसांची माणसे आणि विशीतल्या मुली शेजारी शेजारी बसून पेपर लिहीत होत्या. दीडशेच्या वर लोक उत्तीर्ण झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत, तळ्याच्या काठी, स्वखर्चाने आलेली माणसे परीक्षेला बसतील असे आधी कोणी सांगितले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

पण खेळाचे काय? तर वर्ग संपले की तळे मोकळे होते. होड्या होत्या, पोहणे होते, गळ टाकून मासे धरणे होते, हिरवळीवर चेंडू टोलवणे होते. पुढच्या वर्षांत रात्री दिव्यांनी सजविलेल्या होड्यांची मिरवणूक पाण्यावरून निघू लागली. पत्ते, नाच व नाटक यांना मात्र बंदी. आजच्या वाचकाला त्यातले काही कडक वाटेल. व्हिन्सेंट यांचे म्हणणे असे होते की विश्रांती म्हणजे मन रिकामे ठेवणे नव्हे. दमलेल्या माणसाला काम बदलले, हवा बदलली, सोबत बदलली की विश्रांती मिळते. वर्ग आणि होडी यांत त्यांना भांडण दिसत नव्हते. एकाच दिवसात दोन्हींना आपापला तास होता, आणि घंटा वाजली की होडी काठाला लागलीच पाहिजे.

आणि मग तो जमिनीवरचा देश! डॉ. वायथ नावाच्या गृहस्थांनी काठालगतच्या जमिनीवर सर्व पॅलेस्टाईन देश लहान प्रमाणात उभा केला. माती-दगडांचे डोंगर, उत्तरेस हर्मोन, मध्ये यार्देनची घळ, गालीलचा समुद्र आणि क्षार समुद्र यांच्या जागी पाण्याची डबकी, गावोगावच्या जागी लहान लहान खुणा. शटॉक्वा सरोवर म्हणजे भूमध्य समुद्र. शिक्षक वर्ग घेऊन तेथे जात, दानापासून बैर-शेब्यापर्यंत चार ढांगांत चालून येत, आणि मुले यार्देन नदी कोरड्या पायांनी, उडी मारून, ओलांडीत. एकच घोटाळा होता. छावणी सरोवराच्या पश्चिम काठावर, आणि पवित्र देश समुद्राच्या पूर्व काठावर. सरोवरालाच समुद्र मानायचे तर साऱ्या दिशा उलट्या झाल्या. म्हणून तेथे दररोज सकाळी सूर्य पश्चिमेस, भूमध्य समुद्रातून, उगवतो आणि संध्याकाळी पूर्वेस मावळतो, ही थट्टा पहिल्या वर्षापासून चालत आली. ज्या गावात यहोशवाने सूर्य थांबविला त्याच देशाच्या नकाशात हे घडावे, यात आम्हांस तरी मौज वाटते.

सर्वांत मोठी अडचण आली ती प्रभुदिनाची. छावणीला कुंपण होते व दारावर प्रवेशशुल्क घेत असत. झोळी फिरवून पुन्हा पुन्हा वर्गणी मागण्यापेक्षा हे बरे, असा विचार होता. इतर छावण्यांचा अनुभव असा की रविवारी आसपासचे हजारो लोक आगगाड्या-आगबोटींनी येत, आणि त्या एका दिवसाच्या उत्पन्नावर साऱ्या सभेचा खर्च निघे. व्हिन्सेंट व मिलर यांनी ठरविले की रविवारी दार बंद. तिकीट विकायचे नाही, आगबोट धक्क्याला लागू द्यायची नाही. ज्याला रविवार येथे घालवायचा त्याने शनिवारीच यावे. पैशाचे नुकसान होणार हे दोघांनाही ठाऊक होते. मिलर तर व्यापारी मनुष्य. लोकांनी टीका केली, की उपदेश ऐकण्यास येणाऱ्याला तुम्ही दाराबाहेर ठेवता. या टीकेत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण नियम टिकला. पुढल्या वर्षी, १८७५ च्या ऑगस्टमध्ये, गलीनाच्या जुन्या ओळखीने अध्यक्ष ग्रँट मेळाव्याला आले. ते १४ तारखेला, शनिवारी, आगबोटीने उतरले व मिलर यांच्याकडे मुक्कामास राहिले. रविवारी दार बंद असे, ते असे.

संध्याकाळच्या प्रार्थनेवर व्हिन्सेंट यांचा फार जीव. दिवसभर डोके शिणल्यावर पाण्याकाठी शांत बसून गाण्याजोगी गीते हवीत असे त्यांना वाटे. त्यांच्या विनंतीवरून १८७७ च्या सुमारास मेरी लॅथबरी या कवयित्रीने दोन गीते लिहिली आणि विल्यम शेर्विन यांनी त्यांना चाली दिल्या. एक दिवस मावळण्याचे, आणि दुसरे जीवनाच्या भाकरीचे, वचनाच्या अभ्यासाला आरंभ करताना म्हणण्याचे. ही गीते त्या तळ्यावरून निघून जगभरच्या मंडळ्यांत गेली. त्याच वर्षी फेअर पॉइंटचे नावही सरोवरावरून शटॉक्वा असे झाले.

व्हिन्सेंट यांची एक बाजू आम्ही झाकून ठेवीत नाही. स्त्रियांनी पुरुषांच्या सभेपुढे व्याख्यान द्यावे हे त्यांना पसंत नसे आणि स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा शेवटपर्यंत विरोध होता. पण प्रभूच्या कामाची वाट माणसाच्या मतांवरून जात नाही. १८७४ च्या त्या पहिल्याच मेळाव्यात काही स्त्रिया एकत्र जमल्या व दारूच्या विरुद्ध देशभराची संघटना काढण्याचे त्यांनी ठरविले. त्याच नोव्हेंबरात क्लीव्हलंड येथे ख्रिस्ती स्त्रियांचा मद्यनिषेध संघ स्थापन झाला. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, तेव्हा याच संघाच्या स्त्रियांनी त्यांना आपल्यात घेतले. व्हिन्सेंट यांनी आपल्या छावणीत जे बी मुद्दाम पेरले नव्हते त्याची सावली अशी पुण्या-केडगावपर्यंत आली.

आता त्या जुन्या सलाकडे वळतो. दोन आठवड्यांनी तंबू उतरत, माणसे घरी जात, आणि पुढे वर्षभर काय? शेतकऱ्याची बायको, दुकानातला कारकून, लोहार, खेड्यातली शिक्षिका, यांना कॉलेजची पायरी कधी चढता येणार? १० ऑगस्ट १८७८ रोजी व्हिन्सेंट यांनी मेळाव्यापुढे एक योजना मांडली. चार वर्षांचा वाचनक्रम. दिवसाला सुमारे चाळीस मिनिटे. इतिहास, वाङ्मय, विज्ञान आणि पवित्र शास्त्र. घरी बसून वाचायचे, जमल्यास गावातल्या चारचौघांचे मंडळ करून चर्चा करायची, आणि प्रश्नपत्रिका टपालाने पाठवायच्या. ज्याला तारुण्यात ज्ञानाचे दार बंद झाले त्याच्यासाठी हे दार. ही योजना मांडताना ते स्वतःविषयीच बोलत होते, हे ज्यांनी ओळखले असेल त्यांनी ओळखले असेल.

त्यांची अपेक्षा थोड्या लोकांची होती. पहिल्या वर्षी आठ हजारांवर नावे आली. टपालाचे ढीग पडू लागले. पुस्तके बाजारात मिळेनाशी झाली. ही सर्व पत्रे सांभाळण्यास केट किंबल नावाची एक अठरा वर्षांची मुलगी नेमली गेली, आणि तिने ते काम पुढे जन्मभर केले. चार वर्षे सर्वांनाच निभावली नाहीत हे उघड आहे. १८८२ च्या ऑगस्टमध्ये सतराशेच्या वर लोकांनी क्रम पुरा केला. ज्यांना येणे शक्य होते ते तळ्याकाठी आले. झाडीतून कमानींखालून त्यांची मिरवणूक निघाली आणि लहान मुलींनी त्यांच्या वाटेवर फुले टाकली. त्यांत आज्या होत्या. प्रमाणपत्र हातात घेताना किती जणींचे डोळे भरून आले असतील! ज्या व्हिन्सेंट यांना छावणीतले अश्रू नकोसे वाटत, त्यांच्याच छावणीत हे झाले.

वाचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. पुढे ही मंडळे परदेशांतही निघाली, तुरुंगातसुद्धा एक निघाले. काठावरच्या उन्हाळी वर्गांत विल्यम हार्पर नावाचे तरुण पंडित इब्री भाषा शिकवीत; हेच पुढे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. घरबसल्या टपालाने शिक्षण ही आज सर्वत्र रुळलेली गोष्ट अमेरिकेत रुजविण्यात या तंबूंच्या गावाचा वाटा मोठा आहे.

१८८८ साली व्हिन्सेंट बिशप निवडले गेले. बफेलो, टोपीका आणि अखेर स्वित्झर्लंडमधील झूरिच येथे राहून त्यांनी ते काम केले व १९०४ साली ते निवृत्त झाले. मिलर १८९९ मध्ये प्रभूकडे गेले होते. शटॉक्वाचा कारभार हळूहळू व्हिन्सेंट यांचे चिरंजीव जॉर्ज यांच्याकडे आला. बापाला कॉलेज मिळाले नाही. मुलगा पुढे मिनेसोटा विद्यापीठाचा अध्यक्ष झाला.

म्हातारपणी व्हिन्सेंट यांना एक गोष्ट पाहावी लागली. त्यांच्या तळ्याचे नाव इतके लोकप्रिय झाले होते की १९०४ पासून व्यापारी कंपन्या ते नाव लावून गावोगाव तंबू घेऊन हिंडू लागल्या. आज वाद्यवृंद, उद्या व्याख्यान, परवा नकला, आणि आठवड्याने तंबू पुढच्या गावी. मूळ छावणीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. लाखो लोक त्यांना जात आणि त्यांना शटॉक्वा म्हणत. त्यात न परीक्षा होती, न सायंप्रार्थना, न बंद दार. १९३० नंतर लवकरच ते तंबू मोडले. पण व्हिन्सेंट ते पाहण्यास राहिले नाहीत. ९ मे १९२० रोजी शिकागो येथे, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांना देवाज्ञा झाली.

तळ्याकाठचे गाव आजही आहे आणि दर उन्हाळ्यात तेथे लोक जमतात. तेथील जुनी लाकडी घरे एकमेकांना खेटून, फार अरुंद अशी बांधलेली आहेत. नवख्याला याचे नवल वाटते. पण ती ज्या जागांवर उभी आहेत त्या जागा मुळात एकेका तंबूपुरत्या आखलेल्या होत्या. काठावरचा तो मातीचा पवित्र देशही जतन केलेला आहे. मुले अजून यार्देन उडी मारून ओलांडतात, आणि सकाळी सूर्य भूमध्य समुद्रातूनच वर येतो.